फिरता पूल आणि न फिरणारे भावोजी

आमच्या बंदरातल्या फिरत्या पुलाला शंभर वर्षं होणार म्हणून गावात एक समिती निघाली आहे. समितीतले निम्मे लोक गाव सोडून कधीच निघून गेलेत, आणि म्हणूनच त्यांना गावाचा एवढा उमाळा आहे. ते स्मरणिका काढणार आहेत. पुलावर ज्याने आख्खी नोकरी काढली त्या माणसावर त्यांना दोन पानं हवीत, आणि तो माणूस निघाला माझ्या सख्ख्या बहिणीचा नवरा. "तुम्ही त्यांना जवळून पाहिलंय, कौतुकाचे चार शब्द लिहा," असं चिटणीस मला म्हणाले. जवळून पाहिलंय हे खरं, तीच तर पंचाईत आहे. चारच शब्द हवे असतील तर हे घ्या: माणूस वेळेवर कामावर असायचा. उरलेली पानं मी माझ्या मताने भरणार, मग छापा नाहीतर चुलीत घाला.

मी रेल्वेत होते. स्टेशनच्या तिकीटखिडकीत बसून माझे केस पिकले. स्टेशन खाडीच्या या काठाला आणि गाव, बाजार, धक्का, शाळा, दवाखाना सगळं त्या काठाला. परका माणूस पहिल्यांदा गाडीतून उतरला की विचारायचा, "गाव कुठंय?" मी बोटाने पाण्यापलीकडे दाखवायची, आणि त्याचा चेहरा पाहण्यासारखा व्हायचा. स्टेशन गावापासून तोडून बांधायला डोकं लागतं. आमच्या वाडवडिलांकडे ते होतं.

म्हणजे झालं असं. रेल्वे येणार म्हटल्यावर रूळ थेट धक्क्यापर्यंत न्यावेत, जहाजातला माल डब्यात भरावा, असा साधा विचार कुणीतरी मांडला. तेवढ्यावरून बंदर कचेरी आणि रेल्वे यांच्यात जुंपली. बंदरवाले म्हणाले, खाडीवर पूल बांधलात तर आमची जहाजं आत कशी येणार? रेल्वेवाले म्हणाले, तुमच्या जहाजासाठी आमची गाडी ताटकळणार नाही. एकही मागे हटेना. शेवटी रेल्वे या काठाला थांबली ती थांबलीच, आणि बैलगाड्या-माणसांसाठी मधोमध खांबावर गरकन फिरणारा पूल बांधला. जहाज आलं की पूल फिरून बाजूला होणार, जहाज गेलं की परत जागेवर येणार. करारात दोनच गोष्टी पक्क्या झाल्या: जहाज पुलासाठी थांबणार नाही आणि गाडी माणसासाठी थांबणार नाही. थांबायचं ते लोकांनी, यावर मात्र दोघांचं चटकन एकमत झालं.

पुलाआधी लोक होडीने पलीकडे जायचे. पूल झाल्यावर होडीवाल्यांची तर, म्हणजे पलीकडची ने-आण, बंद पडली, त्यांच्या पोरांनी जाळी घेतली. पुढे खाडी गाळाने भरत गेली. गाळ काढायचा कुणी, यावर बंदर कचेरी आणि नगरपालिका यांचा पत्रव्यवहार चालू राहिला आणि गाळही चालूच राहिला. वरच्या अंगाला दुसरं बंदर झालं. तिथे पाणी खोल, रूळ धक्क्याला टेकलेले. मोठी जहाजं तिकडे गेली, मग मधली गेली. आमच्याकडे यायची ती मोडीत निघालेली. ती पुलाच्या बाहेरच, खाडीच्या तोंडाशी, भंगारात तोडली जायची. बंदराची अशी दशा झाली तरी बंदर कचेरीचा तोरा तोच. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तो पीळ पाहायचा असेल तर आमच्या कचेरीत जावं.

अशा पुलावर भावोजी लागले आणि साहेब झाले. कागदावर ते पूलचालक, पण गावाने त्यांना पूलसाहेब करून टाकलं. तोंडावर पूलसाहेब, पाठीमागे भोंगा. कारण भोंगा वाजला की हा माणूस वाऱ्यासारखा उठायचा. जहाजाने तीन लांब भोंगे द्यायचे म्हणजे पूल मागितला. भावोजींनी उत्तरादाखल घंटा द्यायची म्हणजे पूल कबूल केला. मग दोन्ही काठांना साखळी, लाल बावटा, आणि यंत्र चालू. घंटा दिली की शब्द दिला. मग जहाज पार होईस्तोवर पूल परत जागेवर लावायचा नाही, असा तिथला रिवाज होता. रिवाज वाईट नव्हता. पण कुणा शहाण्याने तो शहाण्या माणसासाठी केला होता, आणि तो पडला भावोजींच्या हातात.

ताईचं लग्न ठरलं तेव्हा आमच्या घरात केवढा आनंद. सरकारी नोकरी, राहायला घर, मुलगा निर्व्यसनी. घर कुठे आहे ते पाहायला आमचे बाबा गेले. घर पुलाच्या मधल्या खांबावर होतं. खाली दोन खोल्या, वर यंत्राची काचेची खोली, भोवती कठडा आणि कठड्याखाली पाणी. पूल लागलेला असला की घराला दोन्हीकडून रस्ता, आणि पूल फिरला की घर पाण्यात एकटं. ताईने तिथे संसार केला. दूध उतू जायला आणि पूल फिरायला एकच गाठ पडायची. यंत्र चालू झालं की भांडी फळीवर आपोआप सरकायची, म्हणून तिने प्रत्येक फळीला पुढून काठी ठोकून घेतली होती. कुणी पाहुणा यायचा असला तर ती आधी विचारायची, "आज जहाज आहे का हो?" जहाज नसलं तरी भावोजी म्हणायचे, "सांगता येत नाही." वर्षानुवर्षं त्यांनी हे उत्तर दिलं, आणि वर्षानुवर्षं आलं कोण? गाळ उपसायला म्हणून एक बोट यायची, तीच गाळात रुतायची. आणि कचेरीच्या मोठ्या साहेबांची सहलीची लाँच. ती लाँच पुलाखालून वाकून गेली असती, पण साहेबांना वाकायची सवय नव्हती.

इकडे माझ्या खिडकीपुढे दर वेळी तमाशा. गाडी सुटून शेपूट दिसेनाशी झाली की पुलावर अडकलेली माणसं धापा टाकत यायची. कुणाची परीक्षा बुडाली, कुणाचं माणूस मोठ्या दवाखान्यात शेवटच्या घटका मोजतंय. सगळी माझ्यावर ओरडायची, कारण पूलसाहेब पाण्यात बसलेले, त्यांच्यापर्यंत आवाज पोचत नाही. मी एकदा जेवताना भावोजींना हे ऐकवलं. ते म्हणाले, "त्यांनी लवकर निघावं." शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड. मी ताटावरून उठले नाही, कारण स्वयंपाक ताईने केला होता.

भाची या दोघांची एकुलती एक. खांबावर जन्मली, खांबावर रांगली. रांगायला लागली तेव्हा कमरेला ओढणी बांधून दुसरं टोक कठड्याला, असं ताईने तिला वाढवलं. पोर हुशार निघाली, ते कुणाकडून आलं ते मी सांगायला नको. शिकली, परीक्षा दिली आणि वरच्या अंगाच्या त्या नव्या बंदरात वाहतूक खोलीत तिची निवड झाली. कुठलं जहाज कधी आत घ्यायचं, कुणाला बाहेर थांबवायचं, ते ठरवणारी खोली. गावातली कुठलीच मुलगी तोवर अशा नोकरीवर गेली नव्हती. पत्रात बजावलेलं होतं की ठरलेल्या दिवशी संध्याकाळच्या आत हजर व्हायचं, सोबत तब्येतीचा दाखला आणायचा. नाही आलात तर जागा यादीतल्या पुढच्या उमेदवाराला. तिकडे जाणारी गाडी तेव्हा दिवसाला एकच उरली होती, सकाळची.

भावोजींना हे नवं बंदर म्हणजे सवत. "त्या डबक्यात जाऊन काय करणार?" असं ते चहा पिताना एकदा म्हणाले. ताई म्हणाली, "जहाजं तिथे येतात, म्हणून जाणार." त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही. गावात मात्र मान ताठ करून सांगत फिरले, आमची मुलगी निवडली. पुढे जे झालं ते त्यांनी मुद्दाम केलं, असं काही लोक म्हणतात. मला पटत नाही. मुद्दाम काही करण्याएवढी अक्कल त्यांच्यात असती तर मी त्यांना मानलं असतं.

जायच्या दिवशी डॉक्टरने घात केला. दाखला आदल्या दिवशी देतो म्हणाला आणि सहीच करायची विसरला. म्हणून सकाळी भाचीला सहीसाठी गावाच्या काठाला जावं लागलं. तिची ट्रंक मी आदल्या संध्याकाळीच स्टेशनवर आणून ठेवली होती, तिकीटही काढून ठेवलं होतं. पुरेसा वेळ होता. सही घेऊन पूल ओलांडायचा आणि गाडीत बसायचं, एवढंच काम.

पुलाच्या गावाकडच्या तोंडाशी एक भंगारची लॉरी उभी होती. तिच्यापुढे कुणाची तरी हातगाडी उलटली होती आणि रस्त्यावर सामान पसरलं होतं. लॉरीवाल्याला घाई. आता या लॉरीचं वैशिष्ट्य असं, की मागच्याच वर्षी तोडलेल्या एका जहाजाचा भोंगा तिच्या मालकाने हौसेने तिच्या टपावर बसवून घेतला होता. हातगाडीवाला हलेना म्हणून लॉरीवाल्याने भोंगा दिला. एक लांब, दुसरा लांब, तिसरा लांब.

आणि पूलसाहेबांनी घंटा दिली.

साखळ्या पडल्या, बावटा चढला आणि पूल फिरायला लागला. हातगाडीवाला सामान टाकून मागे पळाला. लॉरीवाला खाली उतरून दोन्ही हात हलवत ओरडायला लागला. भाची त्याच्याशेजारीच, साखळीला पोट टेकून उभी, हातात सही झालेला दाखला. मी स्टेशनच्या खिडकीतून पूल वळताना पाहिला आणि समुद्राकडे नजर टाकली. लांबवर कुठे काही नाही.

पुढचं ताईने मला सांगितलं. पूल पुरता फिरून थांबला तशी ती जिना चढून वर गेली. भावोजी दुर्बीण लावून समुद्राकडे तोंड करून उभे. ती म्हणाली, "अहो, जहाज नाही ते. लॉरी आहे. पोर पलीकडे उभी आहे, गाडी जाईल तिची."

"भोंगा तीनदा झाला," ते म्हणाले.

"लॉरीचा झाला."

तिकडे लॉरीवाल्याला वाटलं, यांना पटवून द्यायला हवं की भोंगा माझाच होता. म्हणून तो परत चढला आणि त्याने पुन्हा तीन भोंगे दिले. या वेळी भावोजींनी वळून पाहिलं. लॉरी दिसली, तिच्या टपावरचा भोंगा दिसला, साखळीपाशी उभी असलेली पोटची पोरही दिसली. आणि या माणसाने काय करावं? दोरी धरली आणि पुन्हा घंटा दिली. तीन भोंग्यांना घंटेने उत्तर द्यायचं असतं.

"भोंगा कुणाचा ते पुलाने बघायचं नसतं," ते ताईला म्हणाले. "घंटा दिली. आता जहाज पार झालं म्हणून कळलं की मी पूल लावतो. वहीत नाव आणि वेळ मांडायला हवी."

"नसलेल्या जहाजाचं नाव कोण कळवणार तुम्हाला?"

"कचेरी कळवेल." त्यांनी कचेरीला फोन लावला. घंटी वाजत राहिली. कचेरीत त्या वेळी कुणी नसायचं, दुसऱ्या वेळीही फारसं नसायचं. भावोजींनी फोन ठेवला आणि परत दुर्बीण लावली. ताई म्हणते, त्यांचे हात थरथरत होते. असतील. भित्र्या माणसाचे हात थरथरतातच, म्हणून काही पूल लागत नाही. तिने त्यांचा दंड धरून ओढलं, रडली, यंत्राच्या दांड्याला हात घातला. त्यांनी तिचा हात हळूच बाजूला केला आणि म्हणाले, "अगं, नोकरी जाईल." पोरीची नोकरी डोळ्यांदेखत चालली होती आणि यांना आपली आठवत होती.

भाचीने ओरडून हाक मारली नाही. लहानपणापासून तिला माहीत होतं, बाबा दुर्बिणीत असले की त्यांना काही ऐकू जात नाही. ती पुलाच्या बाजूने खाली उतरली. तिथे तरीची जुनी पायरी आहे, निम्मी गाळात गेलेली. एक म्हातारा जाळं झाडत बसला होता. त्याच्या बापाची होडीची तर या पुलाने बंद केली होती. घंटा झाल्यावर पाण्यात होडी घालायला बंदी, सापडला तर जाळं जप्त. भाची म्हणाली, "काका, मला पलीकडे सोडाल का?"

म्हाताऱ्याने तिच्याकडे पाहिलं, वर पुलाकडे पाहिलं. "तू भोंग्याची पोरगी ना?"

"हो."

"त्या पुलाने माझ्या बापाचं पोट मारलं," तो म्हणाला आणि होडी सोडायला लागला. "आता तुझं मारतोय होय? बस. मध्ये बस, कडेला नको."

ताईला वरून होडी दिसली. भावोजींची पाठ खाडीकडे होती, आणि ती त्यांच्या आणि मागच्या खिडकीच्या मध्ये जाऊन उभी राहिली. सगळा जन्म त्या खांबावर काढून तिने नवऱ्यापासून लपवलेली ही एवढी एकच गोष्ट असेल.

इकडे गाडी येऊन उभी राहिली होती. मी स्टेशनमास्तरांना म्हटलं, "साहेब, जरा." ते म्हणाले, "बाई, तुम्हाला माहीत आहे." मला माहीत होतं. मी ट्रंक उचलून स्वतः डब्यात टाकली आणि दारात पाय रोवून उभी राहिले. गार्ड म्हणाला, उतरा. मी म्हटलं, उतरवून दाखवा. मी काही सडपातळ बाई नाही. गार्डने शिट्टी तोंडात घातली, काढली, परत घातली.

तेवढ्यात ती फलाटाच्या टोकाला दिसली. गुडघ्यापर्यंत गाळ, एका पायात चप्पल, दाखल्याचा हात डोक्यावर धरलेला. ती धावत आली आणि मी तिला दंडाला धरून आत ओढलं. मग मी उतरले. गार्डने रागाने शिट्टी फुंकली.

ती दारात उभी होती. माझ्या मागे, स्टेशनच्या कौलांवरून, पूल दिसत होता, अजून तसाच उघडा. गाडी हलली तशी मी चालायला लागले. म्हटलं, "बाबांना काही सांगू?"

तिने पुलाकडे पाहिलं. रडेल असं मला वाटलं, पण रडली नाही.

"सांग, जहाज गेलं," ती म्हणाली. "आता लावा म्हणावं पूल."

गाडी गेल्यावर मी तिकीटखिडकीत आले. स्टेशनातून पुलाच्या खोलीत एक फोन होता, करारातला, क्वचितच वापरात यायचा. मी तो फिरवला. पहिल्याच घंटीला उचलला गेला.

"पूल," भावोजी म्हणाले. नोकरीभर ते फोनवर असंच बोलायचे, आपण माणूस नाही तर पूल आहोत अशा थाटात.

"स्टेशनातून बोलतेय," मी म्हटलं. "जहाज गेलं."

त्यांचा श्वास सुटल्याचा आवाज मला ऐकू आला. बायकोच्या रडण्याने जे झालं नाही, साखळीपाशी उभ्या मुलीने जे झालं नाही, ते माझ्या एका फोनने झालं. मागे यंत्राचा खटका पडला, मोटर चालू झाली. आता बिचारे पूल लावू शकत होते.

"नाव?" त्यांनी विचारलं.

मी त्यांना त्यांच्या मुलीचं नाव सांगितलं.

पलीकडे नुसती मोटर ऐकू येत होती. मला वाटलं, आता हा माणूस काहीतरी बोलेल. पोचली का ती, असं विचारेल. निदान तिचं नाव तरी परत एकदा तोंडातून काढेल. मी फोन कानाला घट्ट धरून उभी राहिले, कारण खरं सांगायचं तर त्या क्षणी त्यांनी यातलं काहीही केलं असतं तरी मी त्यांना सगळं माफ करून टाकणार होते.

"वेळ?" भावोजींनी विचारलं.